चावणारा कुत्रा आणि त्याचा धनी

(मिश्पातीम परशाच्या आठवड्यात सिनेगॉगच्या सभागृहात आपल्या मंडळीतील एका ज्येष्ठ निवृत्त परिचारिकेने दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



येत्या शाब्बाथला आपण मिश्पातीम हा परशा ऐकणार आहोत. मागच्या आठवड्यात सीनाय पर्वतावर मेघगर्जना झाली, दहा आज्ञा मिळाल्या. आता तोरा पर्वतावरून उतरून थेट आपल्या अंगणात येते. खड्डा उघडा टाकणारा, दुसऱ्याच्या शेतात गुरे सोडणारा, शेजाऱ्याची ठेव सांभाळणारा, अशा साध्या माणसांच्या साध्या भांडणांचे नियम या परशात आहेत. त्यांतच मारक्या बैलाचा नियम आहे. आज मला त्याविषयी बोलावयाचे आहे, कारण आपल्या इमारतींतून आता बैल नाहीत, पण कुत्रे आहेत.

मंडळाने मला आरोग्यविषयक काही सांगावे असे सुचविले होते. हाच विषय का निवडला, ते सांगते. आपल्याच मंडळीतील दोन घरांत गेल्या काही आठवड्यांपासून बोलणे बंद आहे. एका घरचा कुत्रा दुसऱ्या घरच्या मुलाला चावला. एक म्हणतात, असा कुत्रा जिवंत ठेवूच नये. दुसरे म्हणतात, मुलाने त्याची खोडी काढली होती. दोन्ही घरांतून मला निरोप आला, "सिस्टर, तुम्ही सांगा, कोणाचे खरे?" मी न्यायाधीश नाही. परंतु कुत्र्याच्या नशिबाचा निर्णय कसा करावा, कोणी करावा आणि मुख्य म्हणजे केव्हा करावा, याविषयी माझ्यापाशी थोडे ज्ञान आहे आणि एक पश्चात्ताप आहे. दोन्ही आपल्यापुढे ठेवते.

लोढणे

माझ्या आजोबांचा अलिबागजवळच्या खेड्यात तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. घाण्याचा एक बैल मारका निघाला, ही गोष्ट आई आम्हांला नेहमी सांगत असे. पहिल्यांदा त्याने शिंग उगारले, तेव्हा आजोबांनी त्याला त्याच दिवशी सुताराकडे नेले आणि त्याच्या गळ्यात लाकडाचे लोढणे अडकविले. चालताना ते पायांत येई, म्हणून बैलाला धावता येत नसे. पण लोढण्याचा आणखी एक उपयोग होता. ते पाहून वाटेवरचे प्रत्येक माणूस आणि प्रत्येक मूल दुरून समजे, की हे जनावर मारके आहे. आजोबांना त्यात लाज वाटली नाही. लोढणे बांधले म्हणूनच तो बैल म्हातारा होईपर्यंत घाण्याला राहिला.

तोरेचा नियमही याच रेषेने जातो. बैलाने माणसाला ठार मारले, तर बैलाला मृत्युदंड आहे. त्याचे मांसही खावयाचे नाही. मालक मात्र निर्दोष. परंतु तो बैल कालपरवापासून मारका असेल, मालकाला तशी साक्षीनिशी ताकीद दिलेली असेल आणि तरीही त्याने बैल राखला नसेल, तर दोष मालकाच्या माथी येतो, इतका की त्याचा स्वतःचा जीवही दंडास पात्र ठरतो. पुढच्याच वचनात खंडणी भरून जीव सोडविण्याची तरतूद आहे. बैल तोच, शिंग तेच. फरक पडला तो मालकाला ठाऊक होते की नव्हते, एवढ्याने.

आपल्या ज्ञानी पुरुषांनी यावरून जनावरांचे दोन वर्ग केले. ज्याने पूर्वी कधी इजा केलेली नाही, तो ताम, म्हणजे साधा. ज्याच्याविषयी ताकीद मिळालेली आहे, तो मुआद. ताम बैलाने नुकसान केले तर मालकाने अर्धी भरपाई द्यावयाची, मुआद असेल तर पूर्ण. तल्मूदच्या बावा कामा या भागात चावणे हे शिंग मारण्याचेच एक रूप मानले आहे. म्हणून बैलाविषयी जे सांगितले, ते कुत्र्याच्या दातांनाही लागू पडते.

जनावर मुआद कधी होते आणि मुआद झालेले पुन्हा ताम कधी होते, याविषयी मिश्नामध्ये मतभेद आहे. रब्बी यहूदा दिवस मोजतात: तीन दिवसांची साक्ष झाली की मुआद, आणि तीन दिवस त्याने आवरले की पुन्हा ताम. रब्बी मेइर यांची कसोटी निराळी आहे. मुले अंगाशी येऊन हात लावतात आणि तरीही ते मारत नाही, तेव्हा ते ताम झाले. दोघांच्याही मते जनावर सुधारू शकते. पण सुधारले असे मालकाने नुसते म्हणून भागत नाही, ते दिसावे लागते.

निर्णय रागाने करावयाचा नाही

मारक्या बैलाला दंड देण्यासाठी किती न्यायाधीश लागत? तेवीस. माणसाच्या प्राणदंडाच्या खटल्यालाही तेवीसच लागत. लांडगा, सिंह, अस्वल यांनी माणूस मारला, तर जो आधी मारील त्याने मारावे, असे रब्बी एलिएझेर यांचे मत होते. रब्बी अकीवा म्हणाले, नाही, त्यांचाही निवाडा तेवीसांपुढेच व्हावा. मुक्या प्राण्याचा जीव घ्यावयाचा असला तरी जमावाने दगड उचलून तो घ्यावयाचा नाही, हे यावरून शिकावे.

कुत्र्याविषयी याच परशात एक गोड आज्ञा आहे. शेतात फाडलेल्या जनावराचे मांस आपण खाऊ नये, ते कुत्र्याला घालावे. मिसर देशातून निघालो त्या रात्री कुत्रे आपल्यावर भुंकले नाहीत, त्याचे हे बक्षीस, असे आपले पूर्वज सांगत. ज्या प्राण्याचे देणे परमेश्वराने ठेवले नाही, त्याला आपण विचार न करता मारावे, हे शोभत नाही.

पण त्याच पूर्वजांनी मालकाला सवलतही दिली नाही. साखळीने बांधल्यावाचून कुत्रा पाळू नये, असे मिश्ना सांगते. रब्बी नाथान यांनी तर छपराला कठडा बांधण्याच्या आज्ञेवरून शिकविले, की दुष्ट कुत्रा आणि मोडकी शिडी घरात ठेवू नये. आणखी एक कथा तल्मूदमध्ये आहे. एक गर्भवती स्त्री एका घरी भाकरी भाजण्यास गेली. कुत्रा तिच्या अंगावर भुंकला. घरधनी म्हणाला, भिऊ नको, त्याचे दात काढलेले आहेत. ती म्हणाली, तुझे हे उपकार काट्यांवर टाक, माझ्या पोटातले मूल केव्हाच जागचे हलले आहे. आज इथे जिन्यात आणि उद्यानात प्रत्येक मालक हसत हसत म्हणतो, "हू लो ओसे क्लूम", आमचा काही करत नाही हो! त्या प्रत्येक वेळी मला ती स्त्री आठवते. आपल्याकडे म्हण आहेच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. कुत्र्यांच्या बाबतीत ती शंभर टक्के खरी आहे.

दहा दिवस कशासाठी?

आता मी माझ्या धंद्याकडे वळते. मी १९७२ साली मुंबईत परिचारिकेची पदविका घेतली. त्या काळी कुत्रा चावलेल्या माणसाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बनत असे. ओडेसा येथे जन्मलेल्या ज्या यहुदी शास्त्रज्ञाने १८९९ साली परळला प्लेगची प्रयोगशाळा थाटली, त्याचेच नाव १९२५ पासून त्या संस्थेला आहे. आम्हां बेने इस्राएल मुलींना त्याचा मोठा अभिमान वाटे.

त्या दिवसांत एक तरुण सुतार आमच्या वॉर्डात आला. दोन महिन्यांपूर्वी त्याला गल्लीतले पिल्लू चावले होते. घरच्यांनी जखमेवर चुना आणि मिरचीपूड भरली. पिल्लू लहान, जखम लहान, म्हणून कोणी दवाखान्यात नेले नाही. आता त्याला तहान लागली होती आणि पाण्याचा पेला पाहताच त्याचा गळा आवळून येत होता. तो पूर्ण शुद्धीवर होता. मला म्हणाला, "सिस्टर, भांडे झाकून ठेवा." तिसऱ्या दिवशी तो गेला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी लस मिळाली, तर जवळजवळ नेहमीच वाचतो.

म्हणून ध्यानात ठेवा. कोणाचाही कुत्रा चावो, जखम प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. हळद, चुना, तेल काही लावू नये. लगेच दवाखान्यात जावे आणि लिश्कत हाब्रियुत, म्हणजे आरोग्य कचेरीला कळवावे. लस द्यावयाची की नाही, हे ते ठरवतील.

चावलेल्या कुत्र्याला येथे दहा दिवस हेस्गेरमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या पशुवैद्याच्या देखरेखीखाली निराळे ठेवतात. पुष्कळांना ती कुत्र्याला झालेली शिक्षा वाटते. ती शिक्षा नाही. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू उतरला असेल, तर थोड्याच दिवसांत तो आजारी पडतो व मरतो. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे निश्चित होते. रागाच्या भरात कोणी कुत्र्याला मारून पुरून टाकला, तर चावलेल्या मुलाविषयीची ही महत्त्वाची साक्ष आपण पुरून टाकतो. या देशात खोकड व कोल्हे यांच्यात रेबीज आढळतो. त्यांच्यासाठी १९९८ पासून विमानातून लस घातलेली आमिषे टाकली जातात. धोका दूरचा आहे, पण संपलेला नाही.

पशुवैद्य काय पाहतो?

दहा दिवसांनंतर खरा प्रश्न येतो. कुत्रा निरोगी आहे, पण त्याचे करावयाचे काय?

प्रथम जखम पाहतात. इयान डनबार नावाच्या पशुवैद्याने चाव्यांच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीत कुत्रा अंगावर येतो, पण दात लागत नाहीत. दुसरीत दात लागतात, कातडी भेदत नाहीत. तिसरीत एकाच चाव्याच्या एक ते चार उथळ खुणा असतात. चौथीत सुळा अर्ध्याहून अधिक खोल जातो. पाचवीत कुत्रा पुन्हा पुन्हा चावतो. सहावीत मृत्यू. पहिल्या दोन पायऱ्यांवरचा कुत्रा आपल्या दातांना आवर घालतो. तो ताकीद देत असतो. चौथीच्या पुढे गेलेल्या कुत्र्याचा भरवसा धरणे फार कठीण.

मग प्रसंग पाहतात. त्याच्या ताटलीत कोणी हात घातला होता काय? तो झोपेत दचकला काय? त्याचा कान दुखत होता काय? की चालत्या माणसावर तो आपण होऊन धावला? लहान मुलांना बहुधा ओळखीचाच कुत्रा चावतो आणि पुष्कळदा चेहऱ्यावर चावतो, कारण मूल त्याच्या उंचीचे असते व त्याला मिठी मारावयास जाते.

शेवटी मालकाला पाहतात. या माणसाच्या हाती हा कुत्रा सुरक्षित राहील काय? कायद्याने येथे प्रत्येक कुत्र्याला परवाना, कातडीखाली चिप आणि दरवर्षी रेबीजची लस हवी. घराबाहेर त्याला पाच मीटरहून लांब नसलेल्या पट्ट्याने धरावयाचे, तेही त्याला आवरू शकेल अशा माणसाने. धोकादायक ठरलेल्या कुत्र्याच्या तोंडाला मख्सोम, म्हणजे जाळी, हवीच. भरपाईच्या बाबतीत आजचा कायदा ताम बैलाच्या नियमाहून कडक आहे. कुत्र्याने अंगाला इजा केली, तर मालकाचा निष्काळजीपणा असो वा नसो, पहिल्याच चाव्याला तो जबाबदार असतो. खोडी काढणे, मालकावर किंवा त्याच्या घरच्यांवर हल्ला करणे, दुसऱ्याच्या आवारात बेकायदा शिरणे, एवढेच अपवाद आहेत. आपल्यापैकी पुष्कळांचा कुत्रा मेटापेलेत फिरावयास नेते. पट्टा तिच्या हाती असला, तरी जबाबदारी आपलीच राहते.

कालपरवाची गोष्ट

आता माझा पश्चात्ताप.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या मुलाने रस्त्यावरचे एक पिल्लू घरी आणले. माझ्या यजमानांचा त्याच्यावर फार जीव जडला. नाव ठेवले राजा. राजा तीन वर्षांचा असताना घरी नळ दुरुस्त करावयास एक तरुण आला. तो वाकून काम करीत होता. राजाने त्याच्या दंडाला दात लावले. तीन खुणा उमटल्या. मीच जखम धुतली, पट्टी बांधली, राजाच्या लसीचा दाखला दाखविला. त्याला चहा दिला, वर थोडे पैसे दिले. तो भला मुलगा म्हणाला, "जाऊ द्या, सावता, काही झाले नाही." मी आरोग्य कचेरीला कळविले नाही. मी, जिने ही तक्रार करा म्हणून शेकडो रोग्यांना सांगितले होते! मला भीती होती, की राजाला नेतील आणि यजमान जेवणार नाहीत. आम्ही मख्सोम आणला नाही, दाराला दुसरी कडी लावली नाही. राजा त्या दिवशी मुआद होण्याच्या वाटेला लागला आणि त्याच्या गळ्यात लोढणे बांधण्याऐवजी मी ते लपविले.

पाच महिन्यांनी दार किंचित उघडे राहिले. जिन्यातून समोरच्या घरची सहा वर्षांची मुलगी वर येत होती. तिला राजा आवडत असे. ती त्याच्याकडे वाकली. तिच्या गालाला सात टाके पडले, एक अगदी डोळ्याखाली.

पशुवैद्य आमच्या बैठकीत बसले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "याआधी हा कोणाला चावला होता काय?" यजमानांनी माझ्याकडे पाहिले. तो प्रश्न तोरेतला होता, कालपरवाचा. मी खरे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा कळविले असते, तर आपण पुष्कळ काही करू शकलो असतो."

मुलाने एक वाट काढली होती. त्याचा मित्र एका मोशावात राहत असे. तेथे मोकळी जागा होती, राजाला तिकडे पाठवू. मी विचारले, त्याला लहान मुले आहेत काय? तीन होती. आणि चावल्याचे त्याला सांगितलेस काय? नव्हते सांगितले. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशी आपल्याला आज्ञा आहे. ज्याला ठाऊक नाही, तोच आंधळा. एकदा लपविल्याचे फळ समोरच्या दारात दिसत होते. पुन्हा लपविणे मला शक्य नव्हते.

राजाला इंजेक्शन देऊन शांत करण्याचा निर्णय पशुवैद्याने केला. अशा निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. आम्ही मागितली नाही. मी त्याच्याजवळ बसले होते. त्याचे डोके माझ्या हातात होते आणि मला ओळखून त्याने शेपूट हलविली. त्या मुलीचा उपचार, भरपाई, सर्व आम्ही दिले. तिची आई पुष्कळ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचे बरोबर होते. आता ती मुलगी सैन्यातील सेवा पुरी करून आली आहे. जिन्यात भेटली की शालोम म्हणते. उजेड एका बाजूने असला की गालावरची ती रेघ मला दिसते.

पहिल्या चाव्याचा दिवस

म्हणून त्या दोन्ही घरांना, आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या सर्वांना, माझे सांगणे एवढेच आहे. कुत्र्याच्या नशिबाचा निर्णय आपण समजतो त्या दिवशी होत नाही. पशुवैद्य येतो, शेजारी ओरडतात, तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. तो निर्णय पहिल्या चाव्याच्या, किंबहुना पहिल्या गुरगुरण्याच्या दिवशी होतो, आणि तो मालक करतो.

त्या दिवशी मालकाने लपवू नये. चावलेल्याला स्वतः दवाखान्यात न्यावे, लसीचा दाखला द्यावा, स्वतः कळवावे. कुत्र्याला पशुवैद्याकडे नेऊन दुखणे आहे काय ते पाहावे. शिकविणारा जाणकार बोलवावा. मख्सोम, दुहेरी दार, पाहुणे आले की निराळी खोली, हे सर्व आजच करावे आणि शेजाऱ्यांना सांगावे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नये. गुरगुरणे हीच त्याची ताकीद आहे. ती दडपली, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल.

ज्यांच्या मुलाला इजा झाली, त्यांनी क्षमा करण्याची घाई करावी असे मी म्हणणार नाही. परंतु त्या घरचा कुत्रा पहिल्यांदाच चावला असेल, जखम उथळ असेल आणि मालक वर सांगितलेले सारे मनापासून करीत असेल, तर त्या प्राण्याचा जीव मागू नये. त्याच्या गळ्यात लोढणे मागावे. आणि पूर्वी चावला असेल, तर मालकाने ते आज, पशुवैद्याने विचारण्यापूर्वी, सांगावे. त्यानंतर निर्णय ज्याच्याकडे सोपविला आहे, त्याला करू द्यावा. शेजाऱ्यांनी मतदान करून तो करू नये.

सभा संपल्यावर मी येथेच चहाच्या टेबलाजवळ थांबणार आहे. दोन्ही घरची माणसे आज आलेली दिसत आहेत. बसू या, थोडे बोलू या. परमेश्वर आपल्या मुलांना आणि आपल्या मुक्या प्राण्यांना सुखरूप राखो. शालोम.